चिनी मातीचा सट



आज बैठकीत बसल्यासारखेच बोलू या. विषय मात्र हप्त्याचा नाही, व्याजाचाही नाही. आज आम्ही तुम्हाला एका भांड्याचा इतिहास सांगणार आहोत. ते भांडे तुमच्याही घरात असेल. माळ्यावर असेल, पलंगाखाली असेल, नाहीतर अंगणात त्यात तुळस लावलेली असेल. जाडजूड, जड, तोंडाला रुंद. बाहेरून वर तपकिरी आणि खाली पिवळट पांढरे, आतून गुळगुळीत. कोणी त्याला सट म्हणते, कोणी कुंडी म्हणते, कोणी नुसते 'चिनीचे भांडे' म्हणते. त्याचीच उंच, झाकणवाली बहीण म्हणजे बरणी.

हा विषय आम्हाला सुचला तो नुकसानीतून. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला कैरीच्या लोणच्याची पहिली मोठी मागणी आली. तीस किलो कैरी आणली. सगळ्याजणी अडकित्ते घेऊन बसलो, फोडी केल्या, मीठ-हळद लावली. फोडी रात्रभर मुरायला ठेवायच्या, पण एवढे मोठे भांडे कुणाकडे? एका घरातून लग्नकार्यातली जर्मनची पातेली मिळाली. काही फोडी त्यात ठेवल्या, काही स्टीलच्या डब्यांत. सकाळी झाकण काढले तर जर्मनच्या पातेल्यातले पाणी राखाडी झालेले, फोडींवर काळपट झाक, आणि तोंडात धरली तर धातूची चव. बारा किलो फोडी टाकून द्याव्या लागल्या. कैरी गेली, मीठ-हळद गेली, आणि सहा जणींची दिवसभराची मजुरी गेली.

आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी ओसरीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरींनो, आंबट कधी जर्मनमध्ये ठेवतात का? माझा सट कुणी मागितलाच नाही." दुपारी नातवाला घेऊन त्या आल्या. नातवाच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सट. धुऊन, उन्हात वाळवून आणलेला. उरलेल्या फोडी त्यात गेल्या आणि लोणचे वर्षभर टिकले.

तेव्हा आम्हाला प्रश्न पडला. जी गोष्ट आजींना माहीत होती ती आम्हा शिकलेल्या बायांना का माहीत नव्हती? आमच्यात बारावी झालेल्या आहेत, बीए झालेल्या आहेत. शाळेत आम्ही राजांच्या लढाया शिकलो. लोणचे कोणत्या भांड्यात ठेवायचे आणि का, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते. म्हणून आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. आपण तिथे दर्शनाला जातो. तिथेच 1955 साली भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. बी. के. थापर हे त्या कामाचे प्रमुख होते. खोदत खोदत खाली गेल्यावर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष सापडले. त्यात सगळ्यात जास्त काय असेल? खापरे. तांबड्या भांड्यांचे तुकडे आणि त्यांवर काळ्या रंगाची नक्षी. तापीकाठच्याच सावळदा गावाच्या नावाने तर एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, सावळदा संस्कृती. ती याहूनही जुनी. तिच्या भांड्यांवर मासे, पक्षी, प्राणी आणि हत्यारे रंगवलेली आहेत.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळचे लिहिलेले एक अक्षरही आपल्याकडे नाही. त्या माणसांची नावे कुणाला माहीत नाहीत. पण ती काय शिजवत होती, कशात साठवत होती, हे खापरांवरून कळते. म्हणजे आपल्या तापीकाठचा सगळ्यात जुना इतिहास स्वयंपाकघराच्या कचऱ्यात सापडला. तो घडवणाऱ्यांत आपल्यासारख्या राबणाऱ्या बाया होत्याच.

आता मातीच्या भांड्याचा गुण आणि दोष पाहू. कुंभार आपल्या आव्यात भांडी भाजतो ती साधारण सातशे ते नऊशे अंश उष्णतेला. एवढ्या आचेत माती पक्की होते, पण तिच्यात बारीक छिद्रे राहतात. म्हणून माठातले पाणी गार होते. छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर वाळते आणि आतला गारवा वाढतो. खान्देशातले खापरावरचे मांडे आपल्याला माहीतच आहेत. खापराला ताव सोसतो. पण याच छिद्रांमुळे कच्च्या मडक्यात तेल टिकत नाही, ते बाहेर पाझरते. मीठ ठेवले तर मडक्याला बाहेरून पांढरा खार फुटतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे पाण्याला मडके चांगले, लोणच्याला नाही.

मग धातू? पितळ-तांब्याला कल्हई नसेल तर त्यात ताक, चिंच, कैरी कळकते. कळकलेले ताक प्यायलो तर उलट्या होतात, हे आजीबाईंना पक्के माहीत होते. लोखंडात आंबट काळे पडते. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्याचे काय होते ते आम्ही बारा किलो फोडी टाकून शिकलो. कैरीचा आंबटपणा आणि मीठ मिळून तो धातू कुरतडतात.

असे भांडे हवे की ज्याला छिद्रेही नाहीत आणि जे आंबटाला जुमानतही नाही. ते म्हणजे आपला सट. काही विशिष्ट माती बाराशे अंशांच्या वर भाजली की तिचे कण वितळून एकमेकांना चिकटतात. आतली छिद्रे बुजतात आणि माती जवळजवळ दगड होते. त्यावर काचेसारखा चकचकीत लेप चढवलेला असतो. बोटाने वाजवून पाहा. मडके भद्द वाजते, सट खणखणीत वाजतो. तो खणखणाट म्हणजे मातीचा दगड झाल्याची खूण.

ही विद्या चीनने हजारो वर्षांपूर्वी साधली. 'चिनी माती' हे आपले नाव तिथूनच आले. हिंदीत बरणीला 'मर्तबान' म्हणतात. मर्तबान हे ब्रह्मदेशातल्या एका जुन्या बंदराचे नाव आहे. तिथून मोठमोठ्या बरण्या जहाजांत चढत, म्हणून बंदराचे नाव बरणीलाच पडले. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता आपल्या प्रवासवर्णनात सांगतो की चीनकडे जाताना एका राजकन्येने त्याला भेटी दिल्या, त्यात चार मोठ्या मर्तबान बरण्या होत्या. आणि आत काय होते? आले, मिरी, लिंबू आणि आंबा, समुद्रप्रवासात टिकावे म्हणून खारवलेले. म्हणजे चौदाव्या शतकातही बरणीचे काम तेच होते जे आपल्या घरात आहे.

युरोपातल्या कुंभारांनीही अशी दगडासारखी भांडी बनवली. जर्मनीत त्यांनी एक युक्ती काढली. भट्टी पुरती तापली की आत मीठ टाकायचे. मिठाची वाफ मातीतल्या वाळूशी मिळून भांड्यावर आपोआप काचेचा थर चढतो. गंमत पाहा, जे भांडे मिठाला पुरून उरते त्याच्या अंगावरचा लेपही मिठाचाच. पुढे इंग्लंडमध्ये 1835 च्या सुमारास ब्रिस्टल शहरात बिनमिठाचा, पांढरट लेप निघाला. वरचा भाग तपकिरी आणि खालचा पिवळट, ही दुरंगी तऱ्हा तेव्हापासून फार चालली. शाई, शिरका आणि तेजाबसुद्धा अशाच भांड्यांतून जगभर गेले. तेजाब सोसणारे भांडे कैरीला काय भिणार?

ही भांडी आपल्या भागात आली कशी? नंदुरबार हे जुने व्यापारी गाव. सुरत बंदरातला माल नवापूर, नंदुरबार, थाळनेरवरून बुऱ्हाणपूरला जायचा, बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून. तेव्हाची चिनी भांडी श्रीमंतांपुरतीच असणार. 1900 च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातली रेल्वे अमळनेरपर्यंत आली आणि नंदुरबारला स्टेशन झाले. फुटणारा, जड माल लांबून आणणे सोपे झाले.

त्याच जमान्यात गुजरातमध्ये सौराष्ट्रात चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने उभे राहत होते. ठाणगढच्या परिसरात भांड्यांना लागणारी माती मिळते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे परशुराम पॉटरी नावाचा कारखाना सुरू झाला. तो सुरू करणारे परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ. पुढे वांकानेर आणि मोरबीलाही भट्ट्या झाल्या. आज मोरबीच्या फरशा देशभर जातात, पण त्या भागातल्या चिनी मातीच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत हा मराठी माणूस होता. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावातूनही बरण्या देशभर गेल्या. बाहेरून येणारी महागडी वस्तू देशात बनू लागली, तेव्हा ती शेतकऱ्याच्या घरात पोचली. आमच्या आजींचा सट त्यांच्या आईने सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला. किंमत त्यांना आठवत नाही. "त्या वर्षी कापूस बरा आला होता," एवढे आठवते.

आता त्याचे काम. एका घरात एक सट वर्षभर किती राबायचा ते आम्ही पाच-सहा आज्यांना विचारून लिहून काढले.

चैत्रात नवी चिंच यायची. चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून चिंच सटात दाबून भरायची. वैशाखात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचे, तरी गहू आंबतातच, म्हणून तेही चिनीच्या भांड्यात. जेठात कैरी. फोडी सटात मुरायच्या आणि मग बरणीत जायच्या. बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. पावसाळ्यात खडेमीठ सटात, कारण डब्याला गंज चढतो आणि मीठ पाझरते. रोजचे दही विरजायला लहान सट, लोणी साठवायला दुसरा. थंडीत हिरव्या मिरचीचा ठेचा, लिंबाचे लोणचे, आवळ्याचा मुरांबा. सटाची जाड भिंत लवकर तापत नाही आणि लवकर गारही होत नाही, म्हणून दही सावकाश आणि घट्ट लागते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा सट सगळ्यांच्या घरात नव्हता. आमच्या महासंघात सपाटीवरचे गट आहेत तसे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचेही आहेत. आम्ही बैठकीत सटाची गोष्ट काढली, तेव्हा पाड्यावरच्या एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडे कसली बरणी? आमच्याकडे मडकी, बांबूची कणगी आणि भोपळ्याची तुंबडी." आम्ही विचारले, मग कैरीचे काय करायच्या? त्या म्हणाल्या, "चिरायची आणि खडकावर वाळवायची."

ते ऐकून आमच्या डोक्यात प्रकाश पडला. लोणच्याला तेल लागते, मसाला लागतो आणि बरणी लागते. तिन्ही गोष्टी विकत घ्याव्या लागतात. आमचूर करायला कैरी, सुरी आणि ऊन एवढेच पुरते. धडगावकडचा आमचूर आज व्यापारी पोती भरून नेतात. पण ती काही लोणच्यापेक्षा कमी दर्जाची कला नाही. एका बाईने बरणीच्या जोरावर कैरी टिकवली, दुसरीने उन्हाच्या जोरावर. नियम दोघींचा एकच, पाणी जाऊ दिले की माल टिकतो. आंबट वाळले की किडत नाही आणि मिठाने पाणी सोडवले की बुरशी धरत नाही. भांड्यांचा इतिहास सांगताना ज्यांच्याकडे भांडे नव्हते त्यांचीही विद्या सांगितली पाहिजे.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हे भांडे कुणाचे होते?

पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्याला माहीत आहे. तुमच्या घरातली भांडी उलटी करून वाचा. सासऱ्यांचे नाव, नवऱ्याचे नाव, नाहीतर आहेर देणाऱ्या मामाचे नाव. बाईचे नाव असलेच तर 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावासोबत. चिनी मातीवर असे नाव घालता येत नाही, टाकी मारली की भांडे फुटते. म्हणून सटावर कुणाचेच नाव नसते. तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचे की सट कुणाचा. त्याला हात लावायचा तर बाईला विचारूनच.

दुसरी गोष्ट. वाईट दिवस आले की घरातली भांडी सावकाराकडे जायची. आधी चांदी, मग पितळेचे हंडे, तांब्याच्या घागरी. धातू वजनावर गहाण पडतो. चिनी मातीला वजनावर किंमत नाही, म्हणून सावकार तिला हात लावत नसे. आमच्या आजींच्या घरातही हेच झाले. त्यांच्या लग्नातला हंडा गेला, परात गेली, शेवटी चार बिघे रान गेले. सट राहिला. आम्ही त्यांना विचारले, इतकी वर्षे तो का जपलात? त्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ मना सट शे, कोना बापना नही."

हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प झालो. आमच्यापैकी कितीजणींची नावे सातबाऱ्यावर आहेत? महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलून लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. कायदा झाला, पण उताऱ्यावर नाव यायला अजून बहुतेक घरांत भांडावे लागते. आजींना चार बिघ्यांपैकी एका गुंठ्याबद्दलही कुणी विचारले नव्हते. 'माझे' म्हणायला त्यांच्याजवळ उभ्या आयुष्यात एक सट होता.

आपल्या जिल्ह्यात भांड्यांचा आणखी एक इतिहास आहे, तो फुटलेल्या भांड्यांचा. 1972 च्या दुष्काळाच्या काळात शहादा-तळोदा भागात आदिवासी शेतमजुरांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी चळवळ उभी केली. अंबरसिंग महाराजांचे नाव तुम्ही ऐकले असेल. श्रमिक संघटना त्याच काळातली. त्या चळवळीत बाया पुढे आल्या. घरातली मजुरी दारूत जाते आणि मार आपल्या पाठीवर पडतो, हे त्यांनी उघड सांगितले. मग त्या जमावाने गुत्त्यांवर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. आमच्या काही सदस्यांच्या आया त्यांत होत्या. म्हणजे याच भागातल्या बायांनी एक भांडे उराशी जपले आणि दुसरे रस्त्यावर आपटून फोडले. कोणते ठेवायचे आणि कोणते फोडायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले.

आम्हालाही असेच काहीतरी ठरवावे लागले. ज्या दिवशी आजींचा सट आला त्या दिवशी आमच्यातल्या एका मुलीची पाळी सुरू होती. ती आपणहून लांब जाऊन बसली. आजी म्हणाल्या, "बरोबर आहे, तिची सावली पडली तर लोणचे नासते." सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. सट आजींचा, मान आजींचा. आदल्या दिवशी भांड्याबाबत त्यांचेच म्हणणे खरे ठरलेले. त्यांना खोटे कसे म्हणायचे?

आम्ही वाद घातला नाही. आम्ही म्हणालो, "आजी, लोणचे कशाने कशाने नासते ते सगळे आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेतो." आजींनी सांगितले. ओला हात. ओला डाव. मीठ कमी. तेल फोडींच्या वर न येणे. बरणी नीट वाळलेली नसणे. दादरा सैल राहणे. आणि शेवटी, विटाळ. आम्ही म्हणालो, "बाकी सगळे आपण पाळू. शेवटचे एक पाळणार नाही. बघू काय होते." आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी सट परत नेला नाही.

त्या वर्षी आम्ही किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ घातले, तेल बोटभर वर ठेवले, आणि पाळी असो नसो, सगळ्याजणींनी आळीपाळीने लोणचे हलवले. वर्षभरात एकच बरणी खराब झाली. चौकशी केली तेव्हा कळले की एकीने घाईत ओला डाव घातला होता आणि तिची तेव्हा पाळी नव्हती. ओल्या डावाचे पाणी फोडींवर बसले की बुरशीला जागा मिळते. बुरशीला पाणी आणि हवा लागते. बाईच्या पाळीशी तिला काही देणेघेणे नाही. आजींनी ते मान्य केले का? तोंडाने नाही. पण पुढच्या वर्षी त्याच मुलीला हाक मारून त्या म्हणाल्या, "ये पोरी, तुझा हात चांगला आहे, तूच मीठ लाव."

म्हणून आम्ही म्हणतो, जुने म्हणून सगळे पूज्य नाही आणि जुने म्हणून सगळे टाकाऊही नाही. ते का केले जात होते हे विचारावे. आंबट जर्मनमध्ये ठेवू नये याला कारण आहे, ते भांड्यावर दिसते. पाळीत लोणच्याला शिवू नये याला कारण सापडले नाही, ते आम्ही सोडून दिले.

पुढे सट घरातून गेले कसे, तेही सांगतो. आधी स्टील आले. न फुटणारे, हलके, चकचकीत, आणि पितळेसारखी कल्हई नको. बोहारणीने जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे दिले. त्यात चुकीचे काही नाही. स्टीलने बायांचे खूप श्रम वाचवले. मग प्लास्टिकच्या बरण्या आल्या, त्या तर फुकटच, कशाच्या तरी सोबत. स्वयंपाकघरे लहान झाली, सट जड वाटू लागला. धरणाच्या पाण्यामुळे, कामासाठी, शिक्षणासाठी माणसे गावे सोडून गेली, तेव्हा फुटणारे भांडे कोण नेणार? भंगारवालाही सट घेत नाही. मग तो उकिरड्यावर जातो, नाहीतर शहरातला एखादा माणूस शोभेसाठी शंभर-दोनशेला मागून नेतो. मैत्रिणींनो, विकायचा असेल तर विका, पण तो काय आहे हे कळून विका.

आता घरात सट असेल तर तो वापरण्याजोगा आहे का, हे कसे पाहायचे?

एक, रिकामा सट उचलून बोटाने वाजवा. खणखणीत वाजला तर सलग आहे. फुटका, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.

दोन, पाणी भरून कोरड्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला झाला तर त्यात पातळ पदार्थ ठेवू नका.

तीन, आतला लेप बघा. टवके उडाले असतील, केसासारख्या चिरांचे जाळे पडून त्यात काळे शिरले असेल, तर अन्नासाठी नको. त्यात तुळसच शोभते.

चार, बाजारात मिळणारी स्वस्त, भडक रंगांची, आतूनही रंगवलेली भांडी आंबटासाठी घेऊ नका. कमी आचेवर भाजलेल्या काही रंगीत लेपांत शिसे असते. आंबटाने ते अन्नात उतरते आणि लहान मुलांना फार बाधते. अन्नासाठी म्हणून बनवलेले, आतून साधा, एकरंगी लेप असलेले भांडे घ्या.

पाच, सट चुलीवर ठेवू नका, थंड सटात उकळते ओतू नका. एकदम ताव बसला की तो तडकतो. कोमट पाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि लोणचे भरण्याआधी निखाऱ्यावर हिंग टाकून त्याची धुरी द्या.

आमच्या गटाने आजींच्या सटाला जोड म्हणून दोन मोठे सट आणि चार बरण्या गटाच्या पैशातून घेतल्या. आता लोणचे सटात मुरते, बरणीत राहते आणि विकायला काचेच्या बाटलीत जाते. आमच्या मालमत्तेच्या नोंदवहीत आधी वजनकाटा होता, शिलाई मशीन होते. त्यांच्या खाली आम्ही लिहिले, 'चिनी मातीचे सट, नग दोन.' आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'सट, नग एक, वापरासाठी दिलेला,' आणि पुढे आजींचे नाव. पूर्ण नाव, त्यांचे स्वतःचे नाव आधी. ते आम्ही त्यांना वाचून दाखवले. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अजून एकदा वाच."

तुमच्या गटाला आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले एक जुने भांडे आणावे. सट असेल, खापर असेल, तुंबडी असेल, काहीही. ते कुणाचे, कुठून आले, त्यात काय ठेवत, हे गटाच्या वहीत लिहून घ्या. आजी बोलत असतील तर मोबाइलवर त्यांचा आवाज भरून ठेवा. आणि त्या भांड्यापुढे बाईचे नाव लिहा.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. तोपर्यंत डाव कोरडा ठेवा.

जोहार, नमस्कार.